मेटाड उंदराचे गोत्र

सन १८२६ च्या पावसाळ्याच्या आरंभी धारवाडकडच्या मुलखात पाऊस नेहमीसारखा पडला नाही. काळ्या रानाला उन्हाळ्यात ज्या खोल भेगा पडतात त्या तशाच उघड्या राहिल्या. त्या भेगांच्या आश्रयाने राहणारे उंदीर एरवी दरसाल पहिल्या मोठ्या पावसात, भेगा बुजल्या म्हणजे, मोठ्या संख्येने गाडले जात; त्या वर्षी ते वाचले, आणि वाचले ते भरमसाट वाढले. पेरलेले बी मातीत पडते न पडते तोच त्यांनी फस्त केले. त्यातून जे पीक उभे राहिले ते दाण्यावर येताच जोंधळ्याच्या ताटांवर चढून त्यांनी कणसे कुरतडून खाली पाडली आणि सावकाश खाल्ली. कित्येक शेते अशी साफ झाली की कुळांना सरकारचा सारा भरणे अशक्य होऊन बसले. शेवटी शेतकऱ्यांनी वडारांना पाचारण केले. इतक्या डझन उंदरांना एक माप धान्य, असा मोबदला ठरला. वडारांनी उंदीर हजारांनी मारले. तथापि त्यांची संख्या घटल्याचे काही दिसेना.

हा वृत्तांत ज्यांनी लिहून ठेवला ते वॉल्टर इलियट हे कंपनी सरकारच्या मुलकी नोकरीतले एक तरुण अधिकारी होते. मद्रासच्या सेवेतून त्यांची नेमणूक दक्षिणी मराठा मुलखात, म्हणजे धारवाडच्या परिसरात झाली होती. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, त्यात कलेक्टर थॅकरे मारले गेले आणि इलियट व त्यांचे एक सहकारी कैदेत पडले. काही आठवड्यांनी त्यांची सुटका झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. असा प्रसंग ओढवल्यावर दुसऱ्या एखाद्याने त्या मुलखाचे नावही टाकले असते. इलियट मात्र तेथेच रमले. चालुक्यांचे शिलालेख त्यांनी उतरवून घेतले, पुढे अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पखंड खणून काढवले, आणि अखेरच्या दिवसांत दृष्टी गेलेली असतानाही दक्षिण हिंदुस्थानातील नाण्यांवर ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्या या मोठ्या कामांपुढे उंदरांची टिपणे कोणाच्या लक्षात राहणार? परंतु प्राणिशास्त्राच्या इतिहासात या टिपणांची एक निराळीच परंपरा निघाली, आणि तिची अखेरची कडी पुण्याजवळच्या सिंहगडाला येऊन भिडली.

इलियट यांनी १८३९ साली 'मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स' या नियतकालिकात दक्षिणी मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक प्राण्यासमोर त्याची देशी नावे दिलेली आहेत. युरोपीय अधिकाऱ्यांनी त्या काळी केलेल्या याद्यांत शिकारीच्या प्राण्यांचा भरणा फार. वाघ, अस्वल, सांबर यांची वर्णने पानेच्या पाने चालत. उंदरांकडे वळायचे तर शिकाऱ्याची बंदूक निरुपयोगी. त्यासाठी जमीन खणणारी माणसे हवीत. इलियट यांना ती वडारांत सापडली. तळी खणणे, बांध घालणे, माती वाहणे हा ज्यांचा पिढीजात धंदा, आणि शेतातला उंदीर हे ज्यांच्या अन्नातले एक नित्याचे जिन्नस, त्या लोकांना कोणते बीळ कोणाचे, कोणत्या बिळात धान्याचा साठा सापडेल, कोणता उंदीर जोडीने राहतो आणि कोणता एकटा, हे सारे पाठ असे. ज्या मोठ्या बिळखोर उंदराला तिकडे 'कोक' म्हणत, त्याचे साठवलेले धान्य खणून काढणे हा तर त्यांचा हंगामी उद्योगच होता. आणि ज्याने १८२६ साली पिके बुडवली त्या मऊ, लोकरीसारख्या केसांच्या लहानशा उंदराला ते 'मेट्टाडे' म्हणत. हा उंदीर स्वतः बीळ खणण्याचा फारसा खटाटोप करीत नाही. झुडपाच्या मुळाशी ओबडधोबड भोक, शेतातल्या दगडांचा ढीग, कोकने सोडून दिलेले घर किंवा जमिनीची भेग, एवढ्यावर त्याचे भागते. ही माहितीही इलियट यांना याच लोकांकडून आणि शेतांत स्वतः फिरून मिळालेली आहे.

या नावासंबंधी थोडे थांबले पाहिजे. वडारांची बोली तेलुगूची सख्खी बहीण. तेलुगूत 'मेट्ट' म्हणजे उंचवट्याची कोरडवाहू जमीन, पाटाचे पाणी न मिळणारी. पुढे जर्डन यांनी आपल्या १८६७ च्या ग्रंथात यानादी लोकांत याच उंदराला 'मेट्ट-येल्क' म्हणतात अशी नोंद केली. 'येल्क' किंवा 'एलुक' म्हणजे उंदीर. तेव्हा 'मेट्टाडे' याचा अर्थ 'कोरडवाहू रानातला' असाच असावा असे मानण्यास चांगला आधार आहे. म्हणजे ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांनी या प्राण्याचे वर्गीकरण आधीच करून ठेवले होते, आणि तेही त्याच्या राहण्याच्या जागेवरून.

शास्त्राचे वर्गीकरण दुसऱ्या टोकापासून सुरू झाले. इलियट यांनी पाठवलेले नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांच्या हाती पडले. ग्रे यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. त्यांच्यापुढे होत्या त्या वाळलेल्या कातड्या, कवट्या आणि चिठ्ठ्या. १८३७ साली त्यांनी 'गोलुंडा' या नावाची एक नवी प्रजाती स्थापन केली. प्रजाती म्हणजे निकट नाते असलेल्या जातींचे घराणे. आपल्या व्यवहारातले गोत्रच म्हणा ना. 'गोलुंडा' हे नावही कानडीतल्या 'गुलंडी' या झुडपी उंदराच्या नावावरून घेतलेले. या गोत्रात गुलंडीला इलियट यांचे नाव देऊन त्यांनी बसवले, आणि शेजारी मेट्टाडेला बसवले ते 'गोलुंडा मेल्टाडा' या नावाने. मेट्टाडातला एक ट जाऊन त्या जागी ल कोठून आला? इंग्रजी हस्ताक्षरात जोडीने आलेल्या दोन टकारांपैकी एकाची आडवी रेघ निसटली की तो ल दिसतो. असेच काहीसे घडले असावे. पुढे काही ग्रंथकारांनी ते 'मेट्टाडा' असे दुरुस्तही केले. परंतु प्राण्यांच्या नामकरणाचा दंडक असा की प्रथम छापले गेलेले रूप, ते उघड चूक म्हणून सिद्ध झाल्यावाचून, बदलावयाचे नाही. इलियट यांनी स्वतः आपल्या यादीत या उंदराला 'लोकरी' अशा अर्थाचे 'मस लॅन्युजिनोसस' हे नाव दिले होते, आणि वस्तुतः प्राणी त्यांचा, वर्णन त्यांचे. पण त्यांची यादी छापून आली दोन वर्षे उशिरा. ज्येष्ठतेच्या नियमाने ग्रे यांचे नाव टिकले. सरकारी कचेरीत ज्येष्ठतेचा वाद कसा मिटवतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या निकालाचे नवल वाटणार नाही. अशा रीतीने वडारांचा शब्द, एका अक्षराने बिघडलेला का होईना, शास्त्राच्या दप्तरात कायमचा दाखल झाला.

ग्रे यांनी बांधलेले हे गोत्र मात्र टिकले नाही. त्या काळी, आणि पुढेही पुष्कळ वर्षे, जगातील बहुतेक सर्व उंदीर 'मस' या एकाच प्रजातीत कोंबलेले असत. लिनियसने घरातल्या लहान उंदराला आणि मोठ्या उंदराला हेच नाव दिले होते, आणि नव्या देशांतून नवा उंदीर आला की तोही त्याच पोत्यात पडे. १८८१ मध्ये ऑल्डफील्ड थॉमस या तेवीस वर्षांच्या अभ्यासकाने हिंदुस्थानातील 'मस' प्रजातीची पहिली नीट छाननी केली. त्यातही मेटाड 'मस'मध्येच राहिला. थॉमस यांनी पुढील आयुष्यात सस्तन प्राण्यांना सुमारे २,९०० नवी नावे दिली. या क्षेत्रात एवढी नावे देणारा दुसरा माणूस झाला नाही. पण हे पोते रिकामे करण्याची निकड त्या वेळी कोणालाच नव्हती. संग्रहालयातल्या चारदोन पंडितांखेरीज कोणाचे काही अडत नव्हते.

ती निकड उत्पन्न केली प्लेगाने. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात रोग प्रकटला आणि दोन-चार वर्षांत देशभर पसरला. आधी उंदीर पडतात आणि मग माणसे मरतात, हे लोकांना दिसतच होते. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराची येथे प्रयोग करून पिसवांकडे बोट दाखवले. त्यांच्यावर बराच काळ कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधन मंडळाने ते निर्विवाद सिद्ध केले. आणि मग प्रश्न आला: कोणता उंदीर? मुंबईत गटारांतून राहणारा करडा उंदीर आणि घराच्या आढ्यात राहणारा काळा उंदीर हे दोन वेगळे प्राणी. साथ प्रथम पहिल्यात येते, त्याच्याकडून दुसऱ्यात, आणि दुसरा माणसाच्या अंथरुणापर्यंत पोचतो. ज्याला हे दोन ओळखता येत नाहीत त्याला साथीचा माग कसा लागणार? कलकत्त्यात होसॅक यांनी १९०७ मध्ये तेथील उंदरांवर निबंध लिहिला, १९०९ मध्ये लॉइड यांनी हिंदी उंदरांच्या प्रकारांवर. दोन्ही इंडियन म्युझियमच्या प्रकाशनांतून निघाले. उंदरांचे वर्गीकरण ही आता मृत्यूच्या आकड्यांशी निगडित गोष्ट झाली होती.

याच सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने एक मोठे काम अंगावर घेतले. ही संस्था १८८३ च्या सप्टेंबरात भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, मूठभर निसर्गप्रेमींनी स्थापन केली. त्यांत बहुतेक युरोपीय होते, पण डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि डॉ. सखाराम अर्जुन राऊत हे दोन मराठी डॉक्टरही होते, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते. संस्थेचे बिऱ्हाड पुढे फिप्सन आणि कंपनी या मद्य विकणाऱ्या पेढीच्या मागल्या खोल्यांत होते. याच पेढीतले वॉल्टर सॅम्युएल मिलार्ड हे १९०६ पासून १९२० पर्यंत संस्थेचे मानद चिटणीस होते. मिलार्ड यांचे नाव सर्वसाधारण वाचकाला ठाऊक असते ते एका मुलामुळे. १९०८ साली छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी घेऊन तो मुलगा भीतभीत संस्थेत आला. मिलार्ड यांनी त्याला ती कोणती हे सांगितले आणि कपाटे उघडून सारा पक्षिसंग्रह दाखवला. तो मुलगा म्हणजे सलीम अली. मिलार्ड स्वतः शास्त्रज्ञ नव्हते. फुलझाडांचा त्यांना नाद होता, आणि लोकांकडून पैसा व नमुने गोळा करण्याची हातोटी होती.

१९११ मध्ये मिलार्ड यांच्या पुढाकाराने हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन येथील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू झाले आणि ते सुमारे बारा वर्षे चालले. वाघसिंहांची मोजदाद हा त्याचा हेतू नव्हता. उलट, ज्यांच्याकडे शिकारी ढुंकूनही पाहत नाहीत असे चिचुंद्री, वटवाघळे, खारी आणि उंदीर हेच त्याचे मुख्य लक्ष्य होते. पगारी संग्राहक नेमून जिल्ह्यांमागून जिल्हे पिंजून काढावयाचे, प्रत्येक कातडीला ठिकाण, तारीख, उंची आणि मापे लिहिलेली चिठ्ठी बांधावयाची, अशी पद्धत होती. पहिला जिल्हा निवडला तो खानदेश. तेथे सी. ए. क्रंप यांनी सापळे लावले. आलेल्या मालाची लंडनला तपासणी करीत ते रॉबर्ट चार्ल्स रॉटन, मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. निवृत्तीनंतर माणसे कसकसला नाद लावून घेतात. रॉटन यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसण्याचा लावून घेतला, आणि १९२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो सोडला नाही. त्यांच्याबरोबर मिस कॅथलीन रायली याही सर्वेक्षणाच्या नमुन्यांची छाननी करून अहवाल लिहीत असत.

मेटाडचे नवे गोत्र जन्मले ते याच १९११ सालात. ऑल्डफील्ड थॉमस आता पन्नाशी ओलांडलेले, जगातील सस्तन प्राण्यांचे अग्रगण्य जाणकार झाले होते. तरुणपणी ज्याला आपण 'मस'मध्ये राहू दिले तो मेटाड तेथला नव्हे, अशी त्यांची खात्री पटली होती. तो कशावरून? केसांचा मऊपणा ही काही गोत्राची खूण नव्हे. तो हवामानाने आणि ऋतूने बदलतो. वर्गीकरण करणारा प्राण्याला उलटा करून पाहतो. घरातल्या उंदराच्या मागल्या पायाच्या तळव्यावर मांसाच्या सहा गाद्या असतात, चढताना त्यांची पकड बसते. मेटाडच्या तळव्यावर त्या कमी झालेल्या असतात, पाच किंवा चारच. मग कवटी. वरच्या टाळूत दातांच्या मागे दोन लांबट छिद्रे असतात. मेटाडमध्ये ती दाढांच्या रांगांमध्ये घुसण्याइतकी लांब असतात. दाढांवरच्या उंचवट्यांची रचना तिसरी. यांपैकी एकच खूण असती तर ती योगायोग म्हणून सोडता आली असती; पण तिन्ही एकत्र आल्या, आणि त्या एकाहून अधिक जातींत आल्या, म्हणजे त्यामागे रक्ताचे नाते आहे असे मानावे लागते. थॉमस यांनी या घराण्याला 'मिलार्डिया' असे नाव दिले आणि ते मुंबईच्या सोसायटीच्याच नियतकालिकात प्रसिद्ध केले. मद्याच्या पेढीतल्या चिटणिसाचे नाव घराण्याला, आणि वडारांनी दिलेले नाव त्यातल्या प्रमुख जातीला: 'मिलार्डिया मेल्टाडा'. दोन्ही नावे धारण करणारा प्राणी काळ्या रानातल्या भेगांत पूर्ववत नांदत होता.

घराण्यात दुसरा सभासद आधीपासून तयारच होता. सिंधच्या वाळूत राहणारा, वाळूच्याच रंगाचा एक उंदीर कराची संग्रहालयाचे मरे यांनी १८८५ मध्ये 'मस ग्लेडोवाय' म्हणून वर्णिला होता. कच्छ आणि राजस्थानच्या रुक्ष भागांतही तो आढळतो. तोही आता मिलार्डियात आला. तिसरा सर्वेक्षणातूनच मिळाला, ब्रह्मदेशाच्या मध्यभागातल्या कोरड्या पट्ट्यातून. त्याला थॉमस यांनी कॅथलीन रायली यांच्या नावावरून 'कॅथलीनी' म्हटले. ज्या काळी संग्रहालयात स्त्रियांना बसायला खुर्ची मिळणेही सोपे नव्हते, त्या काळची ही दाद आहे. तिन्ही उंदीर कोरड्या मुलखाचे. वडारांनी नाव देताना जे पाहिले होते तेच संपूर्ण घराण्याचे लक्षण ठरले, हे थॉमस यांना बहुधा ठाऊक नसावे.

यानंतरची पन्नाससाठ वर्षे मिलार्डियाच्या दृष्टीने फारशी बरी गेली नाहीत. 'मस'चे पोते फोडून मोठ्या उंदरांसाठी 'रॅटस' हे दुसरे पोते शिवले गेले आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ते पहिल्याइतकेच फुगले. नवी प्रजाती काढण्याची हौस ओसरून जुन्या प्रजाती एकत्र करण्याची लाट आली होती. १९६० नंतरच्या दशकात भारतीय शेतकी संशोधनाच्या लेखनात मेटाड पुष्कळदा 'रॅटस मेल्टाडा' या नावाने वावरतो. वास्तविक शेतीच्या दृष्टीने हा घोटाळा निरुपद्रवी नव्हे. विषाचे आमिष कोठे ठेवावे, बिळात की बांधावर, हे उंदराच्या सवयींवर ठरते, आणि सवयींविषयीची जुनी माहिती शोधावयाची तर ती नावाखालीच सापडते. एकाच प्राण्याची माहिती चार नावांखाली विखुरली, म्हणजे १८२६ सालचा अनुभव १९६६ सालच्या कृषी अधिकाऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

येथून कथा पुण्याला येते, आणि पुन्हा रोगाच्याच वाटेने. १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांचा तो संयुक्त उपक्रम होता. १९७८ पासून तीच संस्था राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखली जाते. १९५७ साली म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि भोवतालच्या गावांतली माणसे तापाने आजारी पडू लागली. केंद्राच्या संशोधकांनी तो विषाणू शोधून काढला. तो पसरतो गोचिडींमधून. आणि गोचिडींची पिल्ले वाढतात ती उंदीर, चिचुंद्री अशा लहान प्राण्यांच्या अंगावर. तेव्हा या केंद्रातल्या कीटकशास्त्रज्ञांना उंदीर पकडणे, त्यांच्या अंगावरचे परजीवी वेचणे आणि उंदीर नेमका कोणता हे ठरवणे, ही कामे नित्याचीच झाली. ज्याच्या अंगावरून गोचीड काढली त्याचे नाव चुकले, तर पुढची सारी नोंद फुकट.

या केंद्रातील ए. सी. मिश्र आणि व्ही. धांडा यांच्या हाती सिंहगडाच्या माथ्यावरचे काही उंदीर आले. ते मिलार्डियाचे खरे, पण मेटाडपेक्षा मोठे आणि घराण्यातल्या तिन्ही जातींशी न जुळणारे. त्यांनी साऱ्या प्रजातीचीच पुन्हा छाननी केली. 'जर्नल ऑफ मॅमॉलॉजी' या अमेरिकन नियतकालिकाच्या १९७५ सालच्या अंकात त्यांचा अवघा पाच पानांचा निबंध आला: मिलार्डिया प्रजातीचा आढावा आणि एका नव्या जातीचे वर्णन. नव्या जातीला त्यांनी नाव दिले 'कोंडाना'. सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा, हे मराठी माणसाला सांगावयास नको. १६७० साली तानाजी मालुसरे ज्या कड्यावरून वर चढले असे आपण लहानपणापासून ऐकतो, त्याच कड्याच्या माथ्यावर एक सस्तन प्राणी राहत होता आणि त्याला १९७५ पर्यंत शास्त्रात नाव नव्हते.

हा शोध काही दुर्गम अरण्यात लागलेला नव्हे. सिंहगड पुण्यापासून दिवसभरात जाऊन येण्याच्या अंतरावर. त्या वाटेने किती पिढ्यांचे सैनिक, गुराखी, दहीताकवाल्या बाया, विद्यार्थी आणि हवापालटाला गेलेले गोरे अधिकारी चढले असतील! लोकमान्य टिळकांचा बंगला तेथे आहे. सर्वेक्षणाच्या बारा वर्षांत संग्राहक ब्रह्मदेशापर्यंत पोचले, आणि हा उंदीर पुण्याच्या उशाशी राहून गेला. याचा दोष कोणाला देण्यात अर्थ नाही. वर्गीकरणाच्या कामात जवळचे ठिकाण मागे पडते, कारण तेथले सारे आपल्याला माहीत आहे असे प्रत्येकाला वाटत असते.

मिश्र आणि धांडा यांच्या निबंधानंतर मिलार्डियाचे स्वतंत्र स्थान पुन्हा पक्के होत गेले. एकविसाव्या शतकात त्याला निराळ्याच बाजूने पुरावा मिळाला. पेशीतल्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून नाती ठरवण्याची रीत आली. तिच्यात तळव्याच्या गाद्या मोजाव्या लागत नाहीत. अशा तुलनेवर आधारलेल्या २००८ च्या एका अभ्यासात मिलार्डिया आणि तिचे भाऊबंद यांचा एक स्वतंत्र गट मान्य होऊन त्याला 'मिलार्डिनी' हे नाव मिळाले. या गटात कोण कोण आहेत हे पाहण्यासारखे आहे. कच्छच्या खडकांतला उंदीर, ज्याचे वर्णन रॉटन यांनी १९१२ मध्ये केले. पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर, ज्याला ब्लॅनफर्ड यांचे नाव आहे. आणि 'डायोमिस क्रंपाय', पारसनाथच्या डोंगरावरचा उंदीर, ज्याला थॉमस यांनी १९१७ मध्ये खानदेशात पहिले सापळे लावणाऱ्या क्रंप यांचे नाव दिले. सर्वेक्षणाची माणसे जणू पुन्हा एका ओळीत येऊन बसली आहेत.

त्याहून गमतीची गोष्ट अशी की या गटाचे नाते 'रॅटस'शी दूरचे निघाले. त्याचे जवळचे आप्त आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांतले उंदीर आहेत. आणि ज्या गुलंडीच्या शेजारी ग्रे यांनी १८३७ मध्ये मेटाडला बसवले होते ती गुलंडीही त्या आफ्रिकी आप्तांतच मोडते. म्हणजे दोन कातड्या आणि दोन कवट्या समोर ठेवून ग्रे यांनी जी जोडी लावली ती अगदीच वाकडी नव्हती. १९६० च्या सुमाराची 'रॅटस'ची जोडी तिच्याहून अधिक चुकीची होती. यात ग्रे यांची दूरदृष्टी किती आणि दैव किती, हे मात्र ठरवता येण्यासारखे नाही.

आज मिलार्डियात चार जाती मानतात. त्यांपैकी मेटाडची चिंता कोणी करीत नाही. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, नेपाळ येथील शेतांत तो विपुल आहे आणि शेतकऱ्याचा वैरी म्हणूनच ओळखला जातो. कोंढाण्याच्या उंदराची स्थिती नेमकी उलटी. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. गडाचा माथा सुमारे १,३०० मीटर उंचीवरचा, क्षेत्राने अगदी लहान. त्यावर गुरे चरतात, सुट्टीच्या दिवशी माणसांचा पूर लोटतो, झुडपे तुडवली जातात, वाहनांसाठी आणि खाण्यापिण्याच्या टपऱ्यांसाठी जागा लागते. उंदीर हा रात्रीचा प्राणी. गडावर पिठलेभाकरी खाऊन सूर्यास्तानंतर माणसे खाली उतरतात, तेव्हा तो बिळाबाहेर पडतो, आणि म्हणून वर्षानुवर्षे गडावर जाणाऱ्यांनाही तो कधी दिसत नाही. इलियट यांच्याजवळ वडार होते. कोणत्या दगडाखाली काय आहे ते त्यांना विचारता येत असे. सिंहगडावरच्या या उंदराला स्थानिक लोकांनी दिलेले एखादे नाव असेल, तर ते १९७५ च्या त्या निबंधाबरोबर जगापुढे आले नाही.